उष्टी हवा

दिवा बसवायला माणूस आला तेव्हा ताई खिडकीच्या गजांवरून ओलं फडकं फिरवत होती. सकाळपासून तिने त्या खोलीचा पिच्छा पुरवला होता. भिंती पुसून झाल्या, पलंगाखाली शिरून झालं, भलंमोठं कपाट एकटीने ओढून त्याच्यामागची जळमटं काढून झाली, तरी तिचं समाधान होत नव्हतं. डाग दिसला की तिचे हात शिवशिवायचे. त्यात नवल नव्हतं, सगळी हयात लाँड्रीत गेली होती. शाईचे, गंजाचे, रक्ताचे आणि लोक लाजून ज्यांचं नावही घेत नाहीत असले सगळे डाग तिने काढले होते. ‘हा निघणार नाही’ असं तिच्या तोंडून एकाही गिऱ्हाइकाने ऐकलं नव्हतं.

गल्लीत सगळे तिला ताईच म्हणत. घरमालक तिच्या वडिलांच्या वयाचा, तोही ताईच म्हणायचा. पण खरी ती एकाच माणसाची ताई होती, धाकटीची. आईवडील लवकर गेले आणि धाकटीला हिनेच लहानाचं मोठं केलं. आता तीच धाकटी छातीच्या दवाखान्यातून घरी यायची होती. एक फुप्फुस जवळजवळ कामातून गेलेलं, दुसरं दमून गेलेलं. तिला घरी सोडायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी ताईला बाजूला घेतलं होतं.

“जिवावरचं टळलंय,” ते म्हणाले होते, “पण यापुढे साधा सर्दी-खोकला झाला तरी माझ्या हातात काही राहणार नाही. खोलीतली हवा तेवढी जपा.”

हवा जपा म्हणजे काय करायचं, हे ताईने चार ठिकाणी विचारलं आणि अतिनील किरणांच्या दिव्याची माहिती काढली. दवाखान्यांत लावतात, आता घरीही लावतात, हवेतले जंतू मारतो. बस्स, ठरलं.

दिवेवाला उंच, हडकुळा आणि तोंडाने अखंड चालणारा होता. दरवाजाच्या चौकटीपेक्षाही वर, भिंतीवर त्याने पत्र्याची लांबट पेटी ठोकली. पेटीच्या तोंडाला आडव्या पट्ट्या होत्या.

“हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत बरं का,” स्टुलावरून तो म्हणाला. “निळसर उजेड दिसेल, पण तो नुसता दाखवायचा. खरं काम न दिसणारा करतो. पट्ट्यांमुळे किरण आडवे जातात, छताखाली. माणसं खाली, किरण वर. पंखा अगदी हळू ठेवायचा. खालची हवा वर जाईल, वर शेकून निघेल, परत खाली येईल.”

“म्हणजे वरच्या अर्ध्या खोलीत काही जगणार नाही?”

“काही म्हणजे काही नाही, ताई.” दिवा जणू त्यानेच शोधून काढला होता अशा थाटात तो बोलला. “फक्त एक करायचं नाही. ही पेटी खाली झुकवायची नाही. डोळे जातील, कातडी भाजेल. आणि दिवा चालू असताना स्टुलावर चढायचं नाही. समजलं?”

तो स्टुलावरून उतरला आणि दाराबाहेरच्या बोर्डावरचं बटण दाबून आत आला. ताईने पडदे ओढले. छताखाली निळ्या उजेडाचा एक पट्टा उमटला. खाली खोली होती तशीच अंधुक राहिली. वरून खाली एक वाऱ्याची झुळूक आली आणि तिच्याबरोबर एक उसासा. म्हातारं माणूस शिडीवरून उतरताना दर पायरीला टाकतं ना, तसा. पडद्यांची खालची टोकं हलली.

“पंखा लावलात?” ताईने विचारलं.

“अजून नाही.”

तिने पडदे बाजूला केले आणि तिचं लक्ष पलंगावर गेलं. सकाळीच घातलेल्या, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या चादरीवर काठाशी खोलगट वळ्या पडल्या होत्या.

“अहो, बसायला दुसरी जागा नव्हती का? पेशंटची चादर आहे ती!”

“मी?” दिवेवाला गोंधळला. “मी कुठे बसलो? तुमच्यासमोरच तर उभा आहे.”

ताईने एक तुच्छ कटाक्ष टाकला आणि चादर बदलली. माणसं खोटं बोलतात, हे तिला चादरींनीच शिकवलं होतं.

*

धाकटी आली. दोन जिने चढायला तिला इतका वेळ लागला की ताईने शेवटचे टप्पे तिला सरळ उचलून आणलं. पलंगावर टेकताच ती हसली. “मी काय धुण्याचं गाठोडं आहे का गं?”

“त्याहून हलकी झालीस. गप पड.”

पहिले दिवस बरे गेले. दिवा लावून, पंखा हळू ठेवून, ताई सकाळी लाँड्रीत जायची, दुपारी धाकटीला जेवायला घालायला यायची, पुन्हा जायची. घरात पाऊल टाकण्याआधी हातपाय धुणं, नाकातोंडाला फडकं बांधणं, येणाऱ्या जाणाऱ्याला दारातूनच वाटेला लावणं, सगळं चोख. शेजारच्या काकू विचारपूस करायला आल्या, त्यांनाही तिने उंबऱ्याबाहेरूनच बोळवलं. “माणूसघाणी झाली आहे,” असं त्या जिना उतरताना मोठ्याने म्हणाल्या. ताईने दार आणखी मोठ्याने लावलं.

मग एका दुपारी धाकटी जेवण बाजूला सारून म्हणाली, “ताई, राग नको येऊ देऊस. इथली हवा उष्टी लागते.”

“उष्टी?”

“कुणीतरी आधी घेऊन सोडल्यासारखी. कोमट. छाती भरते, पण आत काही पोचत नाही गं.” ती थांबून थांबून बोलत होती. “दवाखान्यात बरं होतं, असं म्हणवत नाही... पण होतं.”

ताई पुढे सरकली. ती वाकली, तोंडावरचं फडकं सोडलं आणि उशीजवळ नाक नेऊन हुंगलं. नाकाच्या बाबतीत तिचा हात धरणारा कुणी नव्हता. गाठोडं सोडलं की कपडे कुणाचे, ते ती नुसत्या वासावरून सांगायची. इथे तिला अंथरुणाचा वास आला. महिनोन् महिने न उठलेल्या माणसाच्या अंथरुणाचा, औषधाचा, सुकलेल्या घामाचा. पुरुषाच्या घामाचा.

त्या घरात दोघी बहिणींशिवाय कुणी नव्हतं. आणि चादर काल रात्रीच बदललेली होती.

“काय झालं?” धाकटीने विचारलं.

“काही नाही. साबण बदलायला हवा.” ताईने हसून वेळ मारून नेली.

त्या दिवशी ती पुन्हा लाँड्रीत गेली नाही. आभाळ भरून आलं होतं, खोलीत दुपारीच तिन्हीसांजा झाल्या होत्या आणि छताखालचा निळा पट्टा जास्तच उठून दिसत होता. वर कसं सगळं स्वच्छ, मोकळं. खाली मात्र हवेला वजन आल्यासारखं. धाकटी डोळे मिटून पडली होती. ताई खुर्चीत बसून तिचा श्वास ऐकत होती. आत घेताना बारीक शिट्टी, सोडताना घरघर. लहानपणी दमा उसळला की अशीच बसायची ती, बहिणीच्या श्वासावर पहारा देत.

ऐकता ऐकता तिला कळलं की आपण स्वतःचा श्वास धरून ठेवलाय. धाकटीचा चालू होता. आणि आणखी एक चालू होता. धाकटीने श्वास सोडला की तो आत घ्यायचा, घाईघाईने, उपाशी माणसाच्या हावरेपणाने. मग मोठा उसासा. मग पुन्हा धाकटीच्या सोडण्याची वाट.

ताई उठली. स्वयंपाकघरात गेली. पातेल्यात पाणी उकळत ठेवलं. तिने ओट्याची कड घट्ट धरली आणि स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या. धाकटीला वाफारा द्यायची वेळ झालीच होती. ते कारण खरं होतं, पण तेवढंच नव्हतं. कपड्यातली अदृश्य चुणी बघायची तर वाफ सोडावी लागते, हे तिला ठाऊक होतं.

पातेलं तिने पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवलं आणि झाकण काढलं. वाफेचा लोट सरळ वर निघाला. थोडा वर गेला आणि फाटला. दोन्ही बाजूंनी वळसा घालून वर गेला, मधली जागा तशीच ठेवून. त्या मोकळ्या जागेला वाकलेली पाठ होती. पुढे काढलेली मान होती. पलंगाच्या काठावर बसून कुणीतरी धाकटीच्या तोंडावर ओणवं झालं होतं, पाणवठ्यावर जनावर वाकतं तसं.

ताईने किंकाळी फोडली नाही. तिच्या तोंडून निघालं ते भलतंच.

“ऊठ,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “ऊठ तिथून.”

धाकटीने डोळे उघडले. “कोण... मी?”

“तूसुद्धा. चल, स्वयंपाकघरात बसू. इथे मला... इथे फवारा मारायचाय.”

वाफ विरली. चादरीवर काठाशी खोलगट वळ्या होत्या.

*

घरमालक खालच्या मजल्यावर एकटाच राहायचा. ताईने दार वाजवलं तेव्हा तो वर्तमानपत्र चाळत होता. ताईचा चेहरा बघून त्याने चष्मा काढला आणि न विचारताच म्हणाला, “खाली आला का तो?”

ताई उंबऱ्यातच थांबली. “म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

“आत या, ताई. बसा.”

“बसायला आले नाही. बोला.”

म्हातारा जमिनीकडे बघत बोलला. “माझा थोरला भाऊ. छातीचंच दुखणं. त्याला वाटायचं, खाली हवा संपली आहे, वर शिल्लक आहे. आधी उशांवर उशा रचून बसायचा. मग पलंगावर खुर्ची मांडून. शेवटी... शेवटी कपाटावर सापडला. छताला तोंड लावून. कसा चढला, देव जाणे. चमचा उचलायची ताकद नव्हती त्याच्यात.”

“आणि तुम्ही खोली भाड्याने दिलीत.”

“तो वरच असायचा हो! कुणाच्या अध्यात ना मध्यात. इतकी वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. तुम्ही वर दिवा लावलात. त्याला राहायला जागाच ठेवली नाहीत.” त्याचा आवाज मऊ झाला. “बंद करा तो दिवा, ताई. तो जाईल आपला वर. सगळं पहिल्यासारखं होईल.”

“तुमचे आधीचे भाडेकरू का गेले?”

घरमालकाने वर्तमानपत्राची घडी घातली.

“का गेले?”

“त्यांच्या मुलीला खोकला लागला होता. बरा होईना.” त्याने चष्मा पुसायला घेतला. “धडधाकट माणसाला काही होत नाही. थोडीशीच घेतो तो. धडधाकट माणसाला कळतसुद्धा नाही.”

दिवा लावला तर तो धाकटीच्या उशाशी. दिवा बंद केला तर तो वर, आणि त्याच्याबरोबर डॉक्टरांनी बजावलेले सगळे जंतूही मोकळे. खोली सोडावी, तर दोन जिने उतरून पुन्हा कुठले जिने चढायला धाकटीत जीव कुठे होता? आणि एवढ्या तडकाफडकी आजारी माणसाला खोली देतंय कोण? म्हाताऱ्याने हळूच विचारलं, “मग करताय ना बंद?”

“नाही,” ताई म्हणाली. “तुमच्या भावाचं मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण त्या खोलीत भाडेकरू मी आहे, तो नाही. आणि माझ्या बहिणीच्या तोंडातला घास मी कुणालाही काढू देत नाही. जिवंत असो की मेलेला.”

“ताई, असल्या गोष्टींच्या वाटेला जाऊ नये...”

“माझ्या वाटेला तो आलाय.”

*

लोकरीच्या कपड्यांना कसर लागली की लाँड्रीत एक पद्धत असते. कपडे मोठ्या पेटीत घालायचे, पेटीच्या सगळ्या फटी ओल्या फडक्यांनी बुजवायच्या आणि आत वाफ सोडायची. एक फट राहिली तर कसर तिथून निसटते आणि शेजारच्या चांगल्या कपड्यात जाऊन बसते. ताईने अशा कित्येक पेट्या बुजवल्या होत्या. तिच्या लेखी आता ती खोली म्हणजे पेटी होती.

धाकटीला तिने स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं, अंगावर शाल घातली. “काहीही ऐकू आलं तरी इथून हलायचं नाही. माझी शपथ आहे.”

“ताई, मला भीती वाटते.”

“मलाही वाटते. म्हणून काय करायचं? बस इथे.”

दिवा बंद करून ती स्टुलावर चढली. भिंतीवरच्या पेटीचे स्क्रू ढिले केले आणि दिवेवाल्याने बजावून सांगितलेलं एकमेव काम केलं. पेटी खाली झुकवली, तोंड सरळ पलंगाकडे. जाळीच्या झरोक्यावर पुठ्ठा ठोकला. खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या. हे करताना मानेवर कोमट वारा लागत होता, बंद खोलीत, एकसारखा. तिने मागे वळून बघितलं नाही.

“तुला हवा पाहिजे होती,” ती चिंध्या दाबता दाबता पुटपुटली. “माझ्या बहिणीलाही पाहिजे. तिचे दिवस पुढे आहेत, तुझे झाले. एवढा साधा हिशेब आहे.”

मग ती बाहेर आली, दार ओढून घेतलं, कडी घातली, उंबऱ्याच्या फटीत ओला टॉवेल ठासला आणि बाहेरच्या बोर्डावरचं बटण दाबलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. बाहेर कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली, रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू केली. मग दाराच्या आत काहीतरी भिंतीवरून सरकू लागलं. छताकडे गेलं. कपाट करकरलं. पलंगाखाली गेलं. परत आलं. कुठेच थारा नव्हता. आणि तो श्वास, आता घाईचा, तोंडाने घेतलेला, पाण्यात गटांगळ्या खाणाऱ्या माणसाचा. ताई गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी टॉवेल दाबून होती. टॉवेल आत ओढला जात होता आणि बाहेर ढकलला जात होता. आत. बाहेर.

“थोडी...” आतून आवाज आला. म्हाताऱ्या माणसाचा, अगदी अजिजीचा. “थोडी द्या ना...”

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला खरोखर दया आली, आणि त्या दयेचाच तिला संताप आला. “एक घोट नाही,” ती म्हणाली. “एक घोटसुद्धा नाही.”

“ताई?”

धाकटी मागे उभी होती. भिंतीला धरत धरत आली होती. शपथेला तिने लहानपणीही कधी भीक घातली नव्हती. एवढ्याशा चालण्याने तिला धाप लागली होती. तोंड उघडं, मान पुढे, छातीचा भाता वरखाली.

“आत कोण आहे, ताई? कोण रडतंय?”

“मागे हो! तोंड मीट!”

पण तोंड मिटायला श्वास लागतो. धाकटी दाराशीच खाली बसली, आणि त्याच क्षणी ताईला शिट्टी ऐकू आली. बारीक, लांब. दाराच्या मध्यावरून. तिने वर बघितलं.

कुलपाचं भोक. जुन्या दाराला जुनं कुलूप, आरपार भोक असलेलं. लाँड्रीच्या पेटीला कुलूप नसतं, नुसता कोयंडा असतो. सगळ्या फटी तिने बुजवल्या होत्या, पण जन्मात कधी भोक बुजवायची वेळ आली नव्हती, म्हणून ते तिच्या डोळ्यांना दिसलंच नाही. भोकातून निळ्या उजेडाची काडी बाहेर आली होती आणि त्या काडीत काहीतरी वळवळत, वेटोळत, धाकटीच्या उघड्या तोंडाच्या दिशेने निघालं होतं. उजेडाने भाजलेल्या जीवाला अंधार हवा होता. आणि त्या घरात उजेड कधीच पोचणार नाही अशी जागा एकच होती, माणसाच्या छातीतली.

हात सोडावेत तर टॉवेल निसटतो. फडकं शोधायला वेळ नव्हता. विचार करायलाही नव्हता, आणि असता तरी ताईने दुसरं काही केलं असतं असं वाटत नाही. ती गुडघ्यांवर उंच झाली, मान ताठ केली आणि कुलपाच्या भोकाला स्वतःचं तोंड लावलं. ओठ चर्र भाजले.

“ये,” ती त्या भोकात म्हणाली. “इकडे ये. बघतेच तुझ्याकडे.”

आणि तिने छाती भरून श्वास घेतला. घेतच राहिली. गंजाची, औषधाची, जुन्या अंथरुणाची चव. आत, आणखी आत, बरगड्या ताणल्या जाईपर्यंत. मग तिने तोंड मिटलं.

दाराआड शांत झालं. टॉवेल निपचित पडला. धाकटी थोडा वेळ तशीच बसून राहिली आणि मग, कितीतरी दिवसांनी, तिने एक लांब, सरळ श्वास घेतला. शिट्टी नाही, घरघर नाही. ती चकित होऊन ताईकडे बघत होती.

“ताई... हवा आली.”

ताईने नुसती मान हलवली. बोलायला तोंड उघडायचा तिला धीर झाला नाही.

*

दिवेवाला पेटी सरळ करायला आला तेव्हा जाम भडकला. “स्क्रू कुणी ढिले केले?”

“उंदराने,” ताई म्हणाली. तिचे ओठ सोलपटले होते आणि त्यांच्यावर मलम होतं. त्याने तिकडे एकदा बघितलं आणि मुकाट्याने काम केलं. दिवा पुन्हा छताखाली आडवा तेवू लागला. वरही स्वच्छ, खालीही स्वच्छ.

धाकटी सुधारत गेली. आधी खोलीतल्या खोलीत फिरली, मग जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत. डॉक्टर छातीचा फोटो उजेडाला धरून बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, तुम्ही हवा चांगली जपलीत.

ताईला त्रास झाला नाही असं नाही. छातीत जड वाटायचं. झोपताना एक उशी पुरेना. लाँड्रीत वाफेसमोर उभी राहिली की आत काहीतरी चुळबुळायचं, आणि मग ती इस्त्री आपटून म्हणायची, “गप बस. माझ्या घरात माझ्या शिस्तीत राहायचं.” कामावरच्या बायका एकमेकींकडे बघायच्या. बघू देत. तिला रात्री भीती वाटायची, आणि सकाळी भीतीची लाज वाटायची, आणि मग ती दुप्पट कपड्यांना इस्त्री करायची. धडधाकट माणसाला कळतसुद्धा नाही, असं घरमालक म्हणाला होता. तिला कळत होतं, पण तिने ते कुणाला कळू दिलं नाही.

मग एक दिवस धाकटी एकटीच चालत लाँड्रीत आली. दारात उभी राहून ओरडली, “ताई, बघ! धाप नाही!” ताईने हातातला ओला कोट तसाच टाकला आणि तिला कवटाळलं. रडली, हसली, पुन्हा रडली. धाकटीला तर अंगात आल्यासारखं झालं होतं. तिने ताईला काउंटरमागे ओढलं.

“लहानपणी खेळायचो ते खेळू. दम धरायचा. कायम तूच जिंकायचीस, नाही? आज बघतेच. नाक दाबायचं, तोंड मिटायचं. चीटिंग नाही.”

“वेडी आहेस का? अजून पथ्यावर आहेस.”

“घाबरलीस!”

घाबरलीस म्हटल्यावर ताई कसली ऐकते. दोघींनी नाकं दाबली, गाल फुगवले आणि एकमेकींच्या डोळ्यांत बघत उभ्या राहिल्या. धाकटीचे डोळे चमकत होते. तिचा चेहरा लाल होत गेला, ओठ थरथरायला लागले आणि शेवटी भसकन दम सुटून ती खोखो हसत काउंटरवर आडवी झाली. हसताना तिला एकदाही खोकला आला नाही. ताई नाक दाबून तशीच उभी होती, जिंकल्याच्या तोऱ्यात.

हसता हसता धाकटीने वर बघितलं. तिचं हसू हळूहळू थांबलं.

“हे काय गं,” ती म्हणाली. “तू हरलीस. तू तर श्वास घेतेयस.”

ताईने नाक सोडलं नाही. ओठही उघडले नाहीत. तिने नजर खाली वळवली. तिची छाती सावकाश वर येत होती, सावकाश खाली जात होती.